काढता पाय

चोपड्यास वैशाखात दुपारी बारा ते चार या मुदतीत हालचाल नावाची गोष्ट गावातून हद्दपार झालेली असते. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी या दोहोंच्या मधला हा मुलूख केळीच्या बागांमुळे हिरवा दिसतो खरा. पण ते हिरवेपण पाहण्यासाठी त्या वेळी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणारा इसम एक तर परगावचा असतो, नाही तर कोर्टात तारीख असलेला. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून मालमोटारी धावतात, परंतु त्या गावातून जातात, गावाच्या नव्हेत. अशाच दुपारी माजघरातल्या शहाबादी फरशीला पाठ लावून, मनुष्याने सहा सेकंदांत किती चालावे, कोणाच्या जागेतून जावे, कोणाच्या जागेतून जाऊ नये, आणि मुख्य म्हणजे एकदा जवळ गेल्यावर पुन्हा दूर होताना काय भोगावे, याविषयीचे कायदे मी साद्यंत वाचून काढले. तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्याच्या हाती कलमवार पुस्तक पडले की परिशिष्टे आधी, कलमे नंतर आणि प्रस्तावना कधीच नाही, या क्रमाने ते संपवल्यावाचून त्यास चैन पडत नाही.

पुस्तक पुतण्याचे. तो पुण्यास संगणकाच्या कंपनीत असतो आणि उन्हाळ्यात घरी येताना आईसाठी बाकरवडी व स्वतःसाठी एखादे खूळ घेऊन येतो. यंदाचे खूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाचे होते. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक, चोर अशी एकेक भूमिका पत्करायची, सूत्रधाराने ‘समोर भुयार आहे’ असे सांगायचे, आणि भुयार कोठेही दिसत नसताना त्यात आधी कोणी उतरावे याविषयी चार शहाण्यासुरत्या माणसांनी तासभर वाद घालायचा, असे या खेळाचे सामान्य स्वरूप आहे. मारामारीचा प्रसंग ओढवला की मात्र कथेचा कारभार संपून कायद्याचा अंमल सुरू होतो. मग इंचाइंचाची घरे आखलेला पट पसरायचा, त्यावर सोंगट्या मांडायच्या (आमच्याकडे बुद्धिबळातली प्यादी, कवड्या आणि चिंचोके यांनी हे काम निभावले) आणि फासे टाकायचे. फाशांचा उच्चार होताच आमच्या थोरल्या अक्कांनी, म्हणजे पुतण्याच्या आत्याबाईंनी, महाभारताचा दाखला देऊन हरकत नोंदवली. पुतण्याने वीस पैलूंचा फासा पुढे करून, शकुनीजवळ असला जिन्नस नव्हता, असा युक्तिवाद केला. अक्कांनी तो अंशतः मंजूर करून, देवघराच्या खोलीत खेळू नये, एवढ्या शर्तीवर परवानगी दिली.

खेळाची वंशावळ बरीच खानदानी आहे. युद्धाचे चार विभाग पटावर आणून चतुरंग मांडणारे आपण पहिले. पण आपण राजास शह दिला की समाधान मानतो. प्रशियातल्या राइस्विट्झ नावाच्या एका लेफ्टनंटाने १८२४ साली वडिलांच्या कल्पनेवरून नकाशावरच्या युद्धाचे नियम छापले, ते लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली शिशाचे सैनिक आणि खेळण्यातली तोफ घेऊन दिवाणखान्याच्या जमिनीवर लढायची रीत एका पुस्तकात सांगितली. पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स या गृहस्थाने जेफ पेरेन याच्या साहाय्याने १९७१ साली मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ नावाचे नियम काढले, आणि १९७४ साली डेव्ह आर्नसन याच्यासह, पलटणीऐवजी एकेका व्यक्तीचा हिशेब ठेवणारा हा खेळ प्रसिद्ध केला. मूळ पुरुष मेजावर पट्टी ठेवून पलटणी सरकवणारे असल्यामुळे आरंभीच्या ग्रंथांत माणसाची चाल इंचांत दिलेली असे. आणि हा इंच भुयारात दहा फुटांचा, तर उघड्यावर दहा यार्डांचा धरावा, असा हुकूम असे. छताखालून बाहेर येताच जमीन तिपटीने वाढते, हे कलम वाचून मला आमच्याकडच्या काही जुन्या मोजण्यांची सय आली. पण ती प्रकरणे निकालात निघालेली आहेत.

चिलखताच्या वर्गवारीचीही तीच तऱ्हा. प्रारंभी चिलखत जसजसे भारी तसतसा वर्गाचा आकडा लहान, असा शिरस्ता होता आणि सव्वीस वर्षे त्याने पुष्कळ लोकांस पिडले, असे पुतण्या म्हणतो. मला त्यात काहीच अवघड वाटले नाही. भोगवटादार वर्ग १ आपली जमीन खुशाल विकतो आणि वर्ग २ परवानगीच्या अर्जासाठी खेटे घालतो, हे ज्याने जन्मभर पाहिले, त्यास लहान आकड्याचे मोठेपण समजावून द्यावे लागत नाही. २००० सालच्या आवृत्तीने हा क्रम उलटा केला. महसूल खात्याची रीत अद्याप कायम आहे.

आता चालीकडे वळू. पुतण्याजवळची आवृत्ती २०१४ सालची. तीत सामान्य मनुष्याची चाल एका फेरीस तीस फूट व बुटक्याची पंचवीस फूट ठरवली असून फेरी सहा सेकंदांची धरली आहे. मी त्रैराशिक मांडून पाहिले. सेकंदास पाच फूट, म्हणजे ताशी सुमारे साडेतीन मैल. अग्निज्वाळा ओकणाऱ्या अजस्र सर्पासमोर उभा ठाकलेला महावीर हा, हजेरीबुकाची भीती नसलेल्या कारकुनाच्या चालीने चालतो, हे या गणितातून निष्पन्न होते. त्या फेरीपुरता वार करण्याचा हक्क सोडला तर त्यास आणखी तीस फूट धावता येते. परंतु त्या लगबगीचा उपयोग बहुधा सर्पाकडे जाण्यासाठी होत नाही.

प्रत्येकाने पाच फूट लांब व पाच फूट रुंद एवढ्या घरात उभे राहायचे आणि त्या घरावर त्याचा ताबा समजायचा. माणशी पंचवीस चौरस फूट! हे कलम लिहिणारा गृहस्थ विरळ वस्तीच्या प्रांतातला असला पाहिजे, अशी माझी खात्री झाली. लग्नसराईत चोपड्याहून अमळनेरास जाणाऱ्या एस.टी.त तो एकदा चढला असता तर हे माप इंचांवर आले असते. मित्राच्या घरातून पलीकडे जाता येते, पण तेथे मुक्काम करता येत नाही आणि जाताना दुप्पट चाल खर्ची पडते, कारण दुसऱ्याने व्यापलेली जागा, मग तो मित्र का असेना, ग्रंथकाराच्या मते बिकट वाट होय. हा सिद्धान्त मात्र निर्विवाद आहे. त्याच सुमारास आमच्या गच्चीवर बिबड्या वाळत घातलेल्या होत्या आणि त्यांतून पाण्याच्या टाकीपर्यंत जाणाऱ्या मुलांची चाल निमपट होते, हे मी स्वतः पाहिले.

तिरप्या चालीपाशी मात्र माझे आणि ग्रंथकाराचे बिनसले. एका घरातून कोपऱ्यावरच्या घरात तिरपे गेले तरी ते एकच घर धरावे, म्हणजे पाचच फूट मोजावेत, असे २०१४ चा कायदा म्हणतो. वस्तुतः ते अंतर सात फुटांहून किंचित अधिक भरते. २००० सालच्या आवृत्तीत पहिली तिरपी चाल पाच फुटांची, दुसरी दहा फुटांची, पुन्हा तिसरी पाचाची, अशी तडजोड होती आणि ती सत्याच्या बरीच जवळ जाई. पण चालू पिढीस तेवढी बेरीज नकोशी झाली. ज्या जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ उभा केला, आणि शिलालेख कोरून त्याची नोंद करून ठेवली, त्या जिल्ह्यातल्या मुलांनी वैशाखातल्या दुपारी ओसरीवर बसून भुजा आणि कर्ण यांची लांबी एकच असते असे मान्य करावे, हे मला पाहवेना. मी लेखी हरकत घेतली. पुतण्याने ती ‘काका, खेळात चालतं हो’ या शेऱ्यानिशी दप्तरदाखल केली.

सहा सेकंदांची फेरी हीही एक मौजच आहे. १९७० च्या दशकातल्या प्रगत आवृत्तीत एक फेरी एका मिनिटाची असे. २००० साली तिचे सहा सेकंद झाले. फेरीत सर्व जण एकाच वेळी लढतात असे मानायचे, परंतु प्रत्यक्षात फाशाने लावलेल्या अनुक्रमाने एकेकाने उठायचे, चालायचे, मारायचे, आणि त्याचे होईतो इतरांनी तलवार उगारलेल्या अवस्थेत चहा प्यायचा. ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे कामे करण्याची सवय असल्यामुळे मला ही पद्धत पसंत पडली. तीन फेऱ्यांचे एक युद्ध, म्हणजे एकंदर अठरा सेकंदांची झटापट, दुपारी तीनला सुरू होऊन दिवेलागणीपर्यंत चालली. कारण त्या सहा सेकंदांत बोलणे फुकट आहे. चालीस मोजमाप आहे, वारास मर्यादा आहे, पण दोन शब्द बोलण्यास काही खर्च पडत नाही, असे ग्रंथात स्पष्ट आहे. आणि दोन शब्द म्हणजे किती, याचा निवाडा सूत्रधाराच्या मर्जीवर. दोन्ही सैन्ये शस्त्रे परजून उभी असताना मधोमध रथ थांबवून अठरा अध्याय संवाद झाला, त्या वेळी बाकीचे अकरा आणि सात अक्षौहिणी लोक काय करीत होते, ही शंका मी लहानपणी कीर्तनकारास विचारून कान पिळवून घेतला होता. तिचे समाधानकारक उत्तर मला वयाच्या उतारावर या परदेशी ग्रंथात मिळाले: त्यांची पाळी आलेली नव्हती.

परंतु ज्या कलमासाठी मी हे सारे लिहावयास बसलो ते निराळेच आहे. शत्रूच्या आवाक्यात शिरताना तुम्हांस कोणी काही करीत नाही. त्याच्या आवाक्यातून बाहेर पडताना मात्र त्यास तुमच्यावर एक फुकटचा वार करण्याचा हक्क पोहोचतो. हा वार त्याच्या पाळीत मोजला जात नाही. तुम्ही पाठ फिरवली एवढेच त्याचे निमित्त. सामान्य शस्त्राचा आवाका पाच फूट, भाल्याच्या जातीतल्या काही लांब शस्त्रांचा दहा. फुकटचा वार टाळायचा असेल तर त्या फेरीत दुसरे काही करायचे नाही, म्हणजे मारायचे नाही, औषध प्यायचे नाही, कुलूप उघडायचे नाही. केवळ काढता पाय घ्यायचा, आणि हेच आजचे आपले काम असे जाहीर करायचे. तेवढा मानखंडनेचा दस्तऐवज करून दिला की कोणी हात लावीत नाही.

आमच्या पूर्वजांचे मत याच्या अगदी विरुद्ध होते. भीष्मपर्वाच्या आरंभी कौरवपांडवांनी युद्धाचे जे करार केले त्यांत रथ्याने रथ्याशी आणि पायदळाने पायदळाशी लढावे, दुसऱ्याशी झुंजत असलेल्यावर घाव घालू नये, शंख आणि नगारे वाजवणाऱ्यांस मारू नये, यांबरोबरच, जो विमुख झाला त्यास हात लावू नये, असेही एक कलम होते. हा करार अठरा दिवसही पुरता टिकला नाही, हे खरे. परंतु करार तर होता. अभिमन्यूची शोकांतिका मात्र परदेशी कायद्यानेच नीट उलगडते. व्यूहात शिरण्याची विद्या त्यास अवगत होती, कारण शिरण्यास विद्या लागतेच किती? बाहेर पडण्याचे कलम वाचायचे राहिले होते.

आणि हे कलम चोपड्यास जितके लागू आहे तितके खुद्द अमेरिकेत असेल असे मला वाटत नाही. आमच्याच घराचे उदाहरण देतो, कारण दुसऱ्याच्या घराचे दिल्यास पुन्हा त्या घरी जाणे येते. आमच्याकडे येणे अत्यंत सोपे आहे. दार उघडे असते. ओसरीवरच्या बंगईवर अक्का बसलेल्या असतात. त्या ‘या’ म्हणतात, पाणी मागवतात, जेवणाची वेळ असेल तर कळण्याची भाकरी आणि फौजदारी डाळ यांचा बंदोबस्त करतात, आणि दोन तास पाऊसपाणी, केळीचा भाव, वाणाच्या सऱ्या यांखेरीज अन्य विषय काढीत नाहीत. आलेला मनुष्य निःशंक होतो. मग तो ‘बराय, निघतो’ असे म्हणून उठू लागतो. आडव्या पडलेल्याने उभे राहावयाचे तर त्या फेरीतली अर्धी चाल खर्ची पडते, असे ग्रंथात आहे. पाटावरून उठणाऱ्या साठीच्या मनुष्यास हेच प्रमाण लागू करण्यास हरकत नसावी. तो निम्मा उठलेला, एक हात गुडघ्यावर आणि एक जमिनीवर, अशा अवस्थेत असताना अक्का दोन तास म्यानात ठेवलेला प्रश्न बाहेर काढतात: “मोठीचं जमलं का कुठे?”

हा फुकटचा वार होय. बसलेल्यावर त्या तो कधीही करीत नाहीत. तसे करणे त्यांस असभ्यपणाचे वाटते. एका फेरीत एकाच प्रतिवाराची मुभा आहे, ही ग्रंथातली सवलत येथे निरुपयोगी ठरते, कारण माजघराच्या दारात वहिनी उभ्या असतात, ओट्यावर शेजारचे नाना असतात, आणि प्रत्येकाचा एकेक हक्क अबाधित असतो. अक्का बंगईवर असल्या म्हणजे त्यांचा आवाका पाच फुटांचा नसून, बंगई पुढे येईल तेव्हा, निदान दहा फुटांचा धरावा लागतो. शिवाय ग्रंथाने प्रतिवार करणाऱ्यास जागा सोडण्याची परवानगी दिलेली नाही. अक्का तर पाहुण्यास पोचवण्यासाठी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोबत येतात, आणि प्रत्येक पाच फुटांस त्यांचा हक्क नव्याने उत्पन्न होतो.

सुरक्षितपणे निघण्याचे काही मार्ग रूढ आहेत. एक, ‘अमळनेरची गाडी चुकेल’ असे येतानाच सांगून ठेवणे. चोपड्यास रेल्वे नाही, ती तापी ओलांडून पलीकडे धरावी लागते, त्यामुळे या सबबीस आमच्याकडे कायद्याचे बळ आहे. मात्र ज्याचे घर तीन गल्ल्यांपलीकडे आहे त्यास ती वापरता येत नाही. दुसरा मार्ग ग्रंथातच एका पोटकलमात सापडला आणि तो वाचून मी फरशीवरून उठून बसलो. तुम्ही आपल्या पायांनी न जाता दुसऱ्या कोणी तुम्हांस ओढून, ढकलून अगर उचलून आवाक्याबाहेर नेले, तर शत्रूस फुकटचा वार करता येत नाही! आमच्या गावच्या विवाहित पुरुषांनी हे पोटकलम कोणत्या ग्रंथाच्या आधाराने पाठ केले असावे कोण जाणे. पण निघण्याची वेळ झाली की ते पत्नीकडे पाहतात, पत्नी ‘अहो, चला आता, मूल पेंगलंय’ असे म्हणून त्यांस बाहीला धरून उभे करते, आणि ते असहाय मुद्रेने, जणू स्वतःच्या चालीतले एक पाऊलही खर्च न करता, उंबरठा ओलांडतात. अक्का अशा मनुष्यावर वार करीत नाहीत. त्या पत्नीवर करतात.

२००० सालच्या आवृत्तीत या फुकटच्या वारास निमित्तेही पुष्कळ होती. शत्रूसमोर काही प्यायले, जमिनीवरची वस्तू उचलली, मंत्र म्हटला, की बसलाच वार. २०१४ साली ग्राहकांच्या सोयीसाठी ही यादी छाटून केवळ आवाक्याबाहेर जाण्यापुरती ठेवली. माझे नम्र मत असे, की खानदेशापुरती जुनी आवृत्ती पुन्हा जारी करावी. चहाचा पेला तोंडाला लावल्यावर विचारलेले प्रश्न ज्याने सोसले आहेत, तो मला अनुमोदन देईल.

त्याच जुन्या आवृत्तीतले कुस्तीचे प्रकरण पुतण्याने एका संध्याकाळी नानांस वाचून दाखवले. नाना तरुणपणी यात्रांच्या फडात लढलेले आहेत, म्हणून त्याने भावार्थ अहिराणीमिश्रित मराठीत, सावकाश सांगितला: प्रतिपक्षास धरू पाहणाऱ्याने प्रथम त्याचा फुकटचा वार खावा, तो चुकला तर हात लागला की नाही यासाठी फासा टाकावा, लागला तर दोघांनी बळाचे फासे टाकून तुलना करावी, जिंकल्यास त्याच्या घरात सरकावे, आणि सरकताना बाजूच्या इतर शत्रूंस त्यांचा त्यांचा हक्क बजावू द्यावा. नानांनी सर्व ऐकून घेतले.

“मंग धरानं कव्हय?” ते म्हणाले.

या प्रश्नास ग्रंथात उत्तर नाही. तथापि नानांस खेळात घेण्याचे ठरले. त्यांच्या वाट्याला सर्वांत मोठी कवडी आली. पहिल्याच फेरीत त्यांनी ती भुयाराच्या दारात, पाच फूट रुंदीच्या एकुलत्या एका घरात ठेवली आणि मुलांस सांगितले, “मी आठेच उभा राहसू. ज्याले येनं शे त्याले येऊ द्या.” १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी जे केले ते नानांनी चौथीच्या पुस्तकात वाचलेले असावे, त्याहून अधिक तयारी त्यांची नव्हती, आणि पुढे दिसून आले की त्याहून अधिक तयारी लागतही नाही. पंधरा राक्षस (वास्तविक चिंचोके) एकेक करून येऊ लागले. तीस फुटांची चाल, तिरपी मोजणी, बिकट वाट, यांतले एकही कलम नानांस लागू पडेना, कारण ते हलतच नव्हते. पुतण्याचा मांत्रिक, धाकट्याचा चोर आणि मी, नियमांची बारीक छाननी करीत डावीउजवीकडे सरकलो आणि येताजाता फटके खात राहिलो.

अखेर सूत्रधाराने कंटाळून उरलेल्या दोन राक्षसांस माघार घ्यावयास लावली. ते वळले. नाना सरसावून बसले. पाठ फिरवणाऱ्यावर फुकटचा वार असतो, एवढे एकच कलम त्यांच्या लक्षात राहिले होते. त्यांनी पहिल्यास लोळवले आणि दुसऱ्यासाठी फासा उचलला. एका फेरीस एकच प्रतिवार, असे मी पान उघडून दाखवले. नानांनी पानाकडे न पाहता, मग दुसऱ्याने पुढच्या फेरीपर्यंत जागेवर थांबावे, अशी मागणी केली. प्रकरण चांगलेच लांबले. रात्रीच्या जेवणाची वेळ झाली, वहिनी पट उचलावयास आल्या, तेव्हा कोठे राक्षस जिवंत सुटला आणि नाना खांबाला धरून उठू लागले.

“नाना, चालनात का?” बंगईवरून अक्का म्हणाल्या. “सून बोलाले लागनी का तुमनासंगे?”

नाना तसेच थांबले. त्यांची अर्धी चाल उठण्यातच खर्ची पडली होती.